एकसष्टचं उत्तर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात शाळेत गणित शिकवण्यात घालवली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून गणिताची थोरवी गाण्यापेक्षा थोडं गणितच करावं, असं मी ठरवलं. संयोजकांनी माझ्या विनंतीवरून फळा आणि खडू यांची सोय केली, त्याबद्दल त्यांचे आभार. आजचं सगळं व्याख्यान एका संख्येवर आहे. ती ही:

१७६६३१९०४९

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. दहा अंकी संख्या. दहा आकडी मोबाईल क्रमांक पाठ असणाऱ्या आपल्या पिढीला ती फार मोठी वाटणार नाही. पण ती ११५० साली लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथात आहे. तो ग्रंथ भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जलविड, असं भास्कराचार्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली जन्म, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘बीजगणित’ ज्याचा भाग मानलं जातं त्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ची रचना, हेही त्यांच्याच शब्दांत नोंदलेलं आहे. त्या काळी हाताशी साधन म्हणजे धुळीची पाटी आणि स्मरणशक्ती. अशा माणसानं ही संख्या शोधली. ती सहज सुचली असं नाही, चाचपडत सापडली असंही नाही. ती एका रीतीनं, पायरीपायरीनं काढलेली आहे. ती रीत या संख्येच्या अंगावर अजून वाचता येते, आणि आज मला तुम्हाला तीच वाचून दाखवायची आहे.

आधी प्रश्न काय होता ते पाहू. एक पूर्ण संख्या घ्या. तिचा वर्ग करा. त्याला ६१ नं गुणा आणि १ मिळवा. आलेली संख्याही पूर्ण वर्ग असली पाहिजे. तर सुरुवातीची संख्या कोणती? भास्कराचार्यांनी हा प्रश्न ग्रंथात एका मित्राला उद्देशून विचारला आहे आणि ६१ च्या जोडीला ६७ ठेवला आहे. प्रश्न सातवीच्या मुलाला कळेल इतका सोपा आहे. या प्रकाराला आपल्या परंपरेत ‘वर्गप्रकृती’ म्हणतात. ६१ ही प्रकृती. जिचा वर्ग करायचा ती लहान संख्या म्हणजे कनिष्ठ मूळ, शेवटी येणाऱ्या वर्गाचं मूळ ते ज्येष्ठ, आणि मिळवायची संख्या म्हणजे क्षेप. इथे क्षेप १ आहे.

६१ च्या शेजाऱ्यांकडे बघा. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठ ४: सोळा गुणिले साठ ९६०, त्यात एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. प्रकृती ६२ असेल तर कनिष्ठ ८: चौसष्ट गुणिले बासष्ट ३९६८, आणि ३९६९ म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ ला तर १ पुरतो, कारण ६४ हा ८ चा वर्ग. साठ, बासष्ट, त्रेसष्ट, तिघांचीही उत्तरं तोंडी येतात. मधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान कनिष्ठ मूळ आहे २२६१५३९८०, आणि त्याचं ज्येष्ठ मूळ म्हणजे फळ्यावरची आपली संख्या. याहून लहान उत्तर नाही.

एक, दोन, तीन असं करत एकेक संख्या तपासत गेलं आणि सेकंदाला एक या वेगानं तपासली, झोप नाही, जेवण नाही, तरी बावीस कोटी एकसष्ट लाखांपर्यंत पोचायला सात वर्षांहून जास्त काळ लागेल. आणि हातानं एक वर्ग तपासायला एक सेकंद पुरत नाही. तेव्हा ही संख्या शोधाशोध करून मिळालेली नाही, हे उघड आहे.

रीतीचा पाया भास्कराचार्यांच्या आधी पाचशे वर्षं घातला गेला होता. भिल्लमालच्या ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात ९२ या प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि तो वर्षभरात सोडवील तो गणिती, असं ते म्हणतात. त्याचं उत्तर १२० आणि ११५१. ब्रह्मगुप्तांच्या शोधाचं नाव ‘भावना’. दोन अपुरी उत्तरं हाताशी असतील, म्हणजे ज्यांचे क्षेप १ नाहीत अशी, तर त्यांच्यापासून तिसरं उत्तर तयार करता येतं. पहिल्याचं ज्येष्ठ दुसऱ्याच्या कनिष्ठाशी आणि दुसऱ्याचं ज्येष्ठ पहिल्याच्या कनिष्ठाशी असा तिरका गुणाकार करायचा. याला वज्राभ्यास म्हणतात. दोन गुणाकारांची बेरीज हे नवं कनिष्ठ. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृती गुणिले दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार, हे नवं ज्येष्ठ. आणि क्षेपांचा सरळ गुणाकार होतो. हा शेवटचा भाग फार मोलाचा आहे. अवघड उत्तरं जोडायची, पण क्षेपांचा हिशोब साध्या पाढ्यांवर उतरतो. सातव्या शतकात कुणाला हे सुचलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

भावनेला एक अडचण आहे. तिनं क्षेप वाढत जातात, आणि आपल्याला तर क्षेप १ वर आणायचा आहे. इथे चक्रवाल येतं. प्रत्येक पायरीवर एक संख्या अशी निवडायची की १ हे कनिष्ठ आणि ती संख्या हे ज्येष्ठ धरून भावना केल्यावर सगळं जुन्या क्षेपानं निःशेष भागलं जावं, आणि त्या संख्येचा वर्ग प्रकृतीच्या जवळ असावा. ती निवडायला, म्हणजे असा निःशेष भाग जाणारी संख्या शोधायला, कुट्टक नावाची रीत होतीच. मग भागाकार करायचा, नवा लहान क्षेप घ्यायचा, आणि पुन्हा तेच. पायरी फिरून फिरून तीच येते, म्हणून चक्रवाल.

आता ६१ घेऊ. मी फळ्यावर प्रत्येक ओळीत कनिष्ठ, ज्येष्ठ आणि क्षेप असे तीन आकडे लिहितो.

पहिली ओळ: १, ८, ३. म्हणजे ६१ गुणिले १, अधिक ३, बरोबर ६४. इतकं कुणालाही दिसतं.

आता संख्या निवडायची. तिच्यात ८ मिळवले की ३ नं भाग गेला पाहिजे, आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ हवा. ४ चालेल, ७ चालेल, १० चालेल. १६, ४९ आणि १०० यांपैकी ६१ च्या सर्वांत जवळ ४९. म्हणून ७. मग नवं कनिष्ठ: ८ अधिक ७, भागिले ३, म्हणजे ५. नवं ज्येष्ठ: ५६ अधिक ६१, ११७, भागिले ३, म्हणजे ३९. नवा क्षेप: ४९ वजा ६१, उणे १२, भागिले ३, म्हणजे उणे ४.

दुसरी ओळ: ५, ३९, उणे ४. ताळा पाहा: ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, त्यातून ४ गेले १५२१, आणि ३९ चा वर्ग १५२१.

इथे भास्कराचार्य चक्र थांबवतात. हाच त्यांच्या पारखी नजरेचा क्षण आहे. उणे ४ हा क्षेप दिसताच त्यांना ब्रह्मगुप्तांची वाट आठवते. ४ हा २ चा वर्ग. तेव्हा दोन्ही मुळांना २ नं भागलं की क्षेप उणे १ होतो. मुळं अपूर्णांकात जातात, पाच छेद दोन आणि एकोणचाळीस छेद दोन. जाऊ देत. अपूर्णांकाला न घाबरता पुढे जायचं धाडस लागतं, आणि ते त्यांच्यापाशी होतं.

या ओळीची तिच्याशीच भावना केली तर तिसरी ओळ मिळते: १९५ छेद २, १५२३ छेद २, अधिक १. क्षेप एक झाला, पण अपूर्णांक राहिले.

तिसऱ्या ओळीची त्या अर्ध्या केलेल्या दुसऱ्या ओळीशी भावना केली की चौथी ओळ: ३८०५, २९७१८, उणे १. आता अपूर्णांक गेले, पण चिन्ह उलटं आलं.

चौथीची चौथीशीच भावना केली की पाचवी ओळ: २२६१५३९८०, १७६६३१९०४९, अधिक १.

झालं. पाच ओळी. शाळेच्या वहीचं अर्धं पान. कुणाला घरी ताळा करायचा असेल तर वर्ग सांगून ठेवतो. ज्येष्ठाचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१, एकोणीस अंकी. कनिष्ठाच्या वर्गाला ६१ नं गुणलं तर ३११९८८२९८२८६०२६४४००. शेवटच्या एका अंकाचा फरक. संगणकावरच्या नेहमीच्या हिशोबाच्या तक्त्यात हे दोन्ही मांडून वजाबाकी केली तर उत्तर १ येत नाही, शून्य येतं. तो तक्ता पंधरासोळा अंकांपलीकडचं अचूक धरून ठेवत नाही. कागदावर पेन्सिलीनं केलं तर मात्र १ येतो. मोठ्या संख्यांशी वागताना यंत्रावर किती आणि हातावर किती विसंबायचं, हे मुलांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता त्या संख्येकडे पुन्हा वळू आणि तिला उलगडून पाहू. तिला ११ नं भाग जातो. शाळेतली कसोटी लावा: अंक एक सोडून एक बेरीज-वजाबाकी करत जा, शून्य येतं. मग ५९ नं भाग जातो. सगळे अवयव पाडले तर

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

असे चार मूळ अवयव मिळतात. यातला १५२३ ओळखीचा वाटला का? तिसऱ्या ओळीत ज्येष्ठ मूळ १५२३ छेद २ होतं. वाटेतला मुक्काम अंतिम उत्तरात अवयव होऊन बसला आहे. हा योगायोग नाही. पाचवी ओळ म्हणजे तिसरीची स्वतःशीच तीनदा जोडणी, आणि तशा जोडणीत मूळचं ज्येष्ठ अवयव म्हणून राहतंच. सलग मांडून पाहा:

१७६६३१९०४९ = १५२३ × ११५९७६३
२२६१५३९८० = १९५ × ११५९७६४

१५२३ आणि १९५ ही तिसऱ्या ओळीतली जोडी. तिच्यापुढे उभ्या असलेल्या दोन संख्यांत फरक फक्त एकाचा. मला ही मांडणी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. त्या ११५९७६४ ला पुन्हा फोडलं तर ७६१ गुणिले ७६२ गुणिले २ येतात. म्हणजे कनिष्ठ मूळ

२२६१५३९८० = ३९० × ७६१ × ७६२

आणि ७६१ अधिक ७६२ किती? १५२३. शिवाय ३९० म्हणजे ५ गुणिले ३९ गुणिले २. म्हणजे दुसऱ्या ओळीतले ५ आणि ३९, जे सात हा आकडा निवडल्यावर आपल्या हाती आले, ते बावीस कोटींच्या उत्तरात जसेच्या तसे शिल्लक आहेत. उत्तर मोठं आहे, पण त्यात परकं काही नाही.

आणखी एक गोष्ट. चौथ्या ओळीचं ज्येष्ठ २९७१८. आपल्या संख्येतून १ वजा करा आणि २ नं भागा, नेमका २९७१८ चा वर्ग येतो. उलट तिच्यात १ मिळवा आणि १२२ नं भागा, ३८०५ चा वर्ग येतो. मागची शेजारीण वर्गाची दुप्पट, पुढची शेजारीण वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ ची दुप्पट. आणि जी संख्या एखाद्या वर्गाच्या दुपटीत एक मिळवून होते, तिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ३ च उरते. ११, ५९, १५२३, १७८७ यांना ८ नं भागून बघा. चौघांचीही बाकी ३ आहे.

मग ६१ चंच उत्तर एवढं का फुगलं? याचं कारणही पाच ओळींतच आहे. दुसऱ्या ओळीत ३९ आला, म्हणजे फार मोठा आकडा नाही. पण तिथे दोन दोष होते. एक, अपूर्णांकाचा. तो घालवायला तीन वेळा जोडणी लागली. दुसरा, चिन्हाचा. तो घालवायला दोन वेळा. तीन दुणे सहा. म्हणून उत्तर साधारण ३९ च्या सहाव्या घातावर जाऊन पोचतं, भागिले दोन. ३९ चा सहावा घात ३५१८७४३७६१. त्याचा अर्धा १७५ कोटी ९३ लाखांच्या वर. आपली संख्या १७६ कोटी ६३ लाख. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दहा अंकांचा डोंगर वाटत होता, तो ३९ ची सहा वेळा केलेली जोडणी आहे. चिन्हाचा दोष ६१ ला चिकटतो, कारण ६१ ही मूळ संख्या आहे आणि तिला ४ नं भागलं तर बाकी १ उरते. अशा प्रत्येक मूळ संख्येच्या बाबतीत उणे १ चं उत्तर आधी येतं. ६७ ला ४ नं भागल्यावर बाकी ३ उरते, तिथे उणे १ चं उत्तर कधीच येत नाही.

६१ च्या या कनिष्ठ आणि ज्येष्ठ मुळांचा उपयोग काय, असं कुणी विचारील. ज्येष्ठाला कनिष्ठानं भागा: ७.८१०२४९६७५९०६६५४ आणि पुढे. हे ६१ चं वर्गमूळ आहे, दशांश चिन्हानंतर सतरा अंकांपर्यंत बरोबर. पण उपयोगासाठी हा प्रश्न विचारला गेला असेल असं मला वाटत नाही. ज्योतिषाच्या गणितात इतकी अचूकता कधीच लागली नसती. प्रश्न प्रश्नासाठीच विचारला गेला होता, आणि तसं असण्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

पाचशे वर्षांनी हाच ६१ फ्रान्समध्ये अवतरला. तुलूजचे न्यायाधिकारी पिएर द फर्मा यांनी १६५७ च्या फेब्रुवारीत फ्रेनिकल द बेस्सी यांना पत्रातून हाच प्रश्न घातला. उदाहरणादाखल दोन आकडे दिले, ६१ आणि १०९. फार त्रास नको म्हणून लहान आकडे घेतो आहे, अशा अर्थाचं काहीसं त्यांनी लिहिलं. त्यांना पुरतं ठाऊक होतं ते काय देत आहेत. शंभराच्या आत सर्वांत मोठं उत्तर ६१ चं आहे, आणि त्याला मागे टाकणारी पुढची पहिली प्रकृती १०९. तिचं ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९, पंधरा अंकी. एक कोडं सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि तेच कोडं तुलूजमध्ये, आणि निवडताना दोघांची बोटं एकाच आकड्यावर. फर्मांनी भास्कराचार्य वाचले होते का? तसा कुठलाही पुरावा नाही, आणि तसं सुचवणं फर्मांवर अन्याय होईल. ६१ चा स्वभावच असा आहे की या प्रश्नात खोल उतरलेल्या माणसाची नजर तिथे थबकते.

फर्मांचं आव्हान इंग्लंडलाही गेलं. विल्यम ब्राउंकर आणि जॉन वॉलिस या तिथल्या गणितींनी सुरुवातीला अपूर्णांकातली उत्तरं पाठवली. फर्मांना पूर्णांकच हवे होते. मग ब्राउंकर यांनी पद्धत बसवली. ३१३ या प्रकृतीचं सतरा अंकी उत्तर त्यांनी तासादोन तासांत काढलं. पुढे ऑयलर यांच्या हातून नावांचा घोटाळा झाला आणि हे समीकरण जॉन पेल यांच्या नावानं जगभर ओळखलं जाऊ लागलं. पेल यांचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. उत्तर प्रत्येक वेळी असतंच, प्रकृती स्वतः पूर्ण वर्ग नसली म्हणजे झालं, हे १७६८ च्या सुमाराला लाग्रांज यांनी सिद्ध केलं.

हा मुद्दा मला ठासून मांडायचा आहे. भास्कराचार्यांनी रीत दिली, पण ती नेहमी संपतेच याची सिद्धता दिली नाही. त्यांच्या ग्रंथात ती नाही. लाग्रांज यांचं श्रेय त्यांचं आहे आणि ते त्यांनाच द्यावं. आणि चक्रवालसुद्धा भास्कराचार्यांनी शून्यातून निर्माण केलं असं नाही. १०७३ साली उदयदिवाकरांनी लिहिलेल्या ‘सुंदरी’ या टीकेत आचार्य जयदेव यांचे चक्रवालावरचे श्लोक उद्धृत आहेत. ते लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ साली उजेडात आणले. म्हणजे भास्कराचार्यांच्या आधी ही रीत कुणा जयदेवांना माहीत होती. जयदेवांचा स्वतःचा ग्रंथ आज आपल्यापाशी नाही. कौतुक करायचं तर सगळ्या साखळीचं करावं: ब्रह्मगुप्तांची भावना, जयदेवांचं चक्र, भास्कराचार्यांची पारख. जर्मन गणिती हेर्मान हांकेल यांनी १८७४ साली, जयदेव कुणालाच माहीत नव्हते तेव्हा, चक्रवालाची गणना लाग्रांज यांच्या आधीच्या संख्यासिद्धान्तातल्या सर्वांत सुंदर कामगिरीत केली होती. ते मत मला आजही खरं वाटतं.

चक्रवाल नेहमी संपतं का आणि किती लवकर, याचा आधुनिक अभ्यास विसाव्या शतकात म्हैसूरच्या अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगारांनी केला. त्यांचा लेख इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. चालू युरोपीय पद्धतीत, म्हणजे वितत अपूर्णांकाच्या रीतीत, ६१ चं आवर्तन अकरा पायऱ्यांचं आहे आणि अधिक एकासाठी ते दोनदा फिरवावं लागतं, म्हणजे बावीस पायऱ्या. भास्कराचार्यांच्या ओळी आपण आत्ताच मोजल्या.

आता थोडं आपल्या मातीविषयी. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी. त्यांनी १२०७ च्या सुमारास तिथे मठ स्थापला, तो आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात, आणि मठाला दिलेल्या उत्पन्नाचा शेवटचा तपशील मराठीत. मराठीच्या आरंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते. बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय मिळावं, हे त्या मराठीत लिहिलेलं आहे. म्हणजे भास्कराचार्यांचे ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ शिकवण्याचा खर्च गावच्या बाजारपेठेनं उचलायचा, असा तो बंदोबस्त होता. कुणी व्यापारी ते सोळा आणे समजून देत असेल असं मी म्हणत नाही. पण आठशे वर्षांपूर्वी या मुलखात गणितग्रंथांच्या अध्यापनासाठी कायमची सोय लावली गेली आणि ती दगडावर कोरली गेली, ही गोष्ट मला कुठल्याही विजयस्तंभाहून मोठी वाटते.

आपण भास्कराचार्यांचं नाव आदरानं घेतो. जयंत्या करतो, व्याख्यानं ठेवतो, आजचं हे व्याख्यानही त्यातलंच. पण त्यांच्या नावाच्या किती कार्यक्रमांत त्यांचं एक तरी गणित फळ्यावर मांडलं जातं? आदर दाखवायचा तर त्यांचे आकडे हातानं करून पाहावेत. त्यासाठी संस्कृत यावं लागत नाही, पदवी लागत नाही. वर्ग, गुणाकार आणि भागाकार येणारं नववीतलं मूल या पाच ओळी एका तासात करू शकतं. मोठी संख्या बघून मुलं घाबरतात, आणि मग तिचे अवयव पाडताना त्यांना ३९ आणि ५ सापडतात तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात. हे मी वर्गात पाहिलं आहे.

म्हणून सभागृहात बसलेल्या शिक्षकांना एक विनंती करतो. भास्कराचार्यांनी ६१ च्या जोडीला ठेवलेला ६७ मी मुद्दाम सोडवलेला नाही. तो तुमच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवला आहे. पहिली ओळ सांगून ठेवतो: १, ८, उणे ३. पुढच्या तीन वेळा संख्या निवडताना अनुक्रमे ७, ५ आणि ९ घ्यायचे आहेत; ते मुलांना स्वतः शोधू द्या, लगेच सांगू नका. उणे २ हा क्षेप आला की चक्र थांबवायचं आणि त्या ओळीची तिच्याशीच भावना करून २ नं भागायचं. शेवटी कनिष्ठ ५९६७ आणि ज्येष्ठ ४८८४२ येतात. शेवटून दुसऱ्या ओळीत २७ आणि २२१ भेटले, तर मुलांचं बरोबर चाललं आहे.